४.३ स्टार कोणी दिले?

(ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं त्यांच्यासाठी या भागाचं लेखी रूप. बोलताना आलेले "म्हणजे" आणि "अं" शक्य तेवढे काढलेत, बाकी जसं बोललो तसं.)

आवाज नीट येतोय ना? आजचं रेकॉर्डिंग बोईसरच्या घरातून करतोय, त्यामुळे मध्येच मालगाडी धडधडत गेली तर तिला भागातली पाहुणी कलाकार समजा. संध्याकाळी वीज गेली होती, आत्ताच आलीय. ती परत जायच्या आत मला बोलून घ्यायचंय.

गेल्या भागानंतर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी साधारण एकच प्रश्न विचारला. "दादा, फोनवर कुठला गेम टाकू? मी रेटिंग बघून टाकतो, पण निम्म्या वेळा फसतो." सोपं उत्तर म्हणजे पाच गेमची नावं सांगायची आणि मोकळं व्हायचं. नावं सांगणारच आहे. पण त्याआधी एक कबुली द्यायला हवी. ज्या रेटिंगवर तुम्ही फसता, तसं एक रेटिंग बनवण्यात माझाही हात होता. बी.टेक. झाल्यावर काही वर्षं मी एका गेमच्या कंपनीत अँड्रॉइडचं काम करायचो. कंपनीचं नाव घेणार नाही, गेमचंही नाही.

थोडं मागून सुरू करतो. शाळेत असताना बोईसरला एका गाळ्यात व्हिडिओ गेमची तीन मशिनं होती. एक रुपयाचं नाणं टाकायचं. आमचा देव म्हणजे मुस्तफा. त्या गेमचं खरं नाव "कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स" आहे, जपानच्या कॅपकॉमने १९९३ मध्ये काढलेला, हे मला कॉलेजात कळलं. आपल्याकडे भारतभर त्याला पिवळ्या टोपीवाल्या मुस्तफाच्या नावानेच ओळखतात, आणि बाकीच्या तिघांची नावं कोणाला धड आठवत नाहीत. तिथे स्टार नव्हते. रेटिंग एकच, खेळणाऱ्याच्या मागे किती पोरं उभी आहेत. मुस्तफाच्या मागे सात-आठ, शेजारच्या मशिनमागे कोणी नाही. आणि ती सगळी पोरं तेच मशिन, तोच सैल झालेला जॉयस्टिक, तोच पंखा नसलेला गाळा बघून मत द्यायची. मुस्तफाला माझे पाचपैकी पाच. त्यावर चर्चा नाही.

आता जगातले मोठे रिव्ह्यू कसे होतात ते बघा. २००१ पासून मेटाक्रिटिक नावाची साइट आहे. ती बड्या समीक्षकांचे गुण गोळा करून शंभरपैकी एक आकडा काढते. या आकड्यावर लोकांचे पगार हलतात. "फॉलआउट: न्यू व्हेगास" हा २०१० चा गेम. त्या स्टुडिओच्या ख्रिस अवेलोनने नंतर जाहीर सांगितलं की मेटाक्रिटिकवर ८५ मिळाले तर बोनस, असं ठरलं होतं. मिळाले ८४. एका गुणाने गेलं! बारावीला एका गुणाने गव्हर्न्मेंट कॉलेज हुकलेल्या माणसाला हे दुःख वेगळं समजवायला नको.

पण माझा मुद्दा आकडा किती हा नाही, तो कुठल्या मशिनवर बसून दिला हा आहे. "सायबरपंक २०७७" आठवतो? १० डिसेंबर २०२० ला आला. त्याआधी समीक्षकांना खेळायला दिला तो पीसीवरचा गेम. गुण नव्वदच्या आसपास. मग लोकांनी तो त्यांच्या जुन्या पीएस४ वर टाकला आणि गाड्या हवेत, माणसं भिंतीत, गेम मध्येच बंद. आठवड्याभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढून टाकला आणि पैसे परत द्यायला सुरुवात केली. रिव्ह्यू लिहिणारे खोटं बोलले नव्हते. त्यांच्या मशिनवर तो खरंच चांगला चालत होता. पण ते मशिन तुमचं नव्हतं.

प्ले स्टोअरवर हेच रोज होतं, फक्त त्याची बातमी होत नाही. गुगलने थोडी सुधारणा केलीय, ती सांगायला हवी. २०१९ पासून सरासरी काढताना नव्या रेटिंगला जास्त वजन आहे. २०२१ च्या अखेरीपासून तुम्हाला तुमच्या देशातलं रेटिंग दिसतं, म्हणजे अमेरिकेतले स्टार बोईसरला दिसत नाहीत. नंतर फोन आणि टॅबलेट वेगळे केले. पण लाखभराचा फोन आणि सात हजारांचा फोन अजून एकाच सरासरीत आहेत.

आता कबुली.

आमच्या गेमचं रेटिंग ३.८ होतं. चारच्या खाली असलं की लोक थांबत नाहीत, पुढे जातात. वरून हुकूम आला की तिमाही संपायच्या आत चारच्या वर न्या. तुम्हाला वाटेल मग आम्ही बग दुरुस्त केले. नाही. आम्ही प्रश्न विचारायची वेळ बदलली.

गेम खेळताना "आवडतोय का?" असं खिडकीवजा काहीतरी उघडतं ना, तो पॉप-अप माझ्याकडे होता. आधी तो कधीही यायचा. मी तो सलग तीन लेव्हल जिंकल्यावर यायला लावला. त्या दिवशी गेम एकदाही बंद पडला असेल तर यायचा नाही. हरल्यावर तर कधीच नाही. "हो, आवडतोय" दाबलं की थेट स्टार द्यायला पाठवायचं, "नाही" दाबलं की आमच्याच आतल्या एका फॉर्मवर, जिथे लिहिलेलं बाहेर कोणाला दिसत नाही. गुगलच्या नियमांत स्पष्ट लिहिलंय की स्टार मागण्याआधी असा प्रश्न विचारू नका. आम्हाला माहीत होतं.

आणि एक अट अजून होती. ती सांगायला मला इतके दिवस लागले. अँड्रॉइडमध्ये फोन कमी रॅमचा आहे का, हे गेमला विचारता येतं. ती सोय कशासाठी दिलीय? तर अशा फोनवर गेमने हलकं व्हावं, चित्रं लहान करावीत, झाडं-पानं कमी करावीत. आम्ही त्याला आमची स्वतःची रेषा जोडली, ३ जीबी. त्याखालचा फोन असेल तर पॉप-अप दाखवायचाच नाही. कारण तिथे गेम अडकायचा, आणि अडकलेल्या गेमला कोण पाच स्टार देणार? ओळी किती, तर चार. मीच लिहिल्या.

रेटिंग ४.३ झालं. टीमने केक कापला. मीही खाल्ला, चांगला होता.

स्वतःहून प्ले स्टोअर उघडून रिव्ह्यू लिहिणाऱ्यांना मात्र आम्ही अडवू शकत नव्हतो. एक दिवस सपोर्टकडून मला एक एक-स्टार रिव्ह्यू आला, भाषांतर करून दे म्हणून. रोमन लिपीतलं मराठी होतं, आणि त्या टीममध्ये मराठी येणारं कोणी नव्हतं. शब्द थोडे बदलून सांगतो. २९ रुपयांची नाणी घेतली, सफाळ्याच्या पुढे नेट गेलं, नाणी आलीच नाहीत, पैसे मात्र कापले. आणि शेवटी, फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर गाडीत एवढाच टाइमपास असतो, तोही तुम्ही खाल्लात.

डेव्हलपरला रिव्ह्यूसोबत फोनचं मॉडेल आणि रॅम दिसते. २ जीबी. आणि सफाळ्याच्या पुढे म्हणजे कुठे, हे मला नकाशात बघायची गरज नव्हती. मी त्याच डहाणू लोकलने जायचो. बोईसर, उमरोळी, पालघर, केळवे रोड, सफाळे, वैतरणा, विरार. सफाळे सोडलं की डोंगर, मग वैतरणेची खाडी, आणि माझंही नेट तिथेच जायचं. फर्स्ट शिफ्ट म्हणजे तारापूर एमआयडीसी, त्याला दुसरा अर्थ नाही. हा माणूस बहुतेक माझ्याच डब्यात असायचा.

बग कुठे होता ते मला पाच मिनिटांत कळलं. प्ले स्टोअरवरून काही विकलं की गेमने गुगलला "माल पोचला" असं कळवायचं असतं. तीन दिवसांत कळवलं नाही तर गुगल गिऱ्हाइकाचे पैसे आपोआप परत करतं. चांगली व्यवस्था आहे. पण आमचा गेम "पोचला" हे आधी कळवायचा आणि नाणी नंतर आमच्या सर्व्हरवरून आणायचा. किराणावाल्याने वहीत "दिलं" लिहावं आणि मग साखर आणायला आत जावं, तसं. त्या मधल्या दोन सेकंदांत नेट गेलं की साखरही नाही आणि पैसेही नाहीत. क्रम उलटा करायचा होता, शिवाय नाणी अडकली तर परत मागवायची सोय. दोन दिवसांचं काम.

मीटिंगमध्ये विचारलं गेलं, "अशा फोनवरचे युजर आपल्याला पैसे किती देतात?" आकडा लहान होता. काम यादीत खाली गेलं. त्यावर रागवायचा मला फारसा हक्क नाही, कारण त्याआधी मी काय केलं होतं ते ऐका. भाषांतर करताना मी इंग्रजीत एक ओळ लिहिली, की युजरला नेटवर्कची अडचण आली. बस. शिफ्ट गाळली, सफाळे गाळलं, "खाल्लात" तर गाळलंच. भाषांतर म्हणून चुकीचं नव्हतं. त्या माणसाची तक्रार मात्र त्यात उरली नव्हती.

चार-पाच महिन्यांनी तो बग दुसऱ्याच कोणीतरी, दुसऱ्याच कारणासाठी दुरुस्त केला. त्या २९ रुपयांचं काय झालं ते विचारायला मी गेलो नाही. नंतर नोकरी बदलली.

तेव्हापासून मी गेम तपासतो ते डहाणू लोकलमध्ये. दोन फोन घेऊन. एक माझा, एक बाबांचा जुना, २ जीबीचा. सफाळे ते विरार नेट गेलं तर गेम काय करतो ते बघतो. विरारला माणसं डब्यात घुसतात तेव्हा एका हाताने थांबवता येतो का, आणि परत उघडल्यावर होता तिथेच सापडतो का, तेही. ग्राफिक्सवर बोलणारे बरेच आहेत, ते त्यांच्याकडून ऐका.

या परीक्षेत पहिला कोण आला? "मिनी मेट्रो". न्यूझीलंडच्या एका छोट्या स्टुडिओचा गेम. नुसत्या रेषा आणि गोल, त्रिकोण, चौकोन. स्टेशनं उगवत राहतात, तुम्ही त्यांना रेषांनी जोडायचं, गाड्या सोडायच्या. विकत घ्यावा लागतो, पण मग जाहिरात नाही, नाणी नाहीत, नेट लागत नाही. आणि त्यात चक्क मुंबईचा नकाशा आहे. नियम एकच, कुठल्याही एका स्टेशनवर फार वेळ फार गर्दी साचली की गेम संपला. मी वैतरणेच्या पुलावर उभा, पाठीवर कोणाची तरी सॅक, आणि हातात हा नियम! पश्चिम रेल्वेला लावला तर पहिल्याच सोमवारी सकाळी सातला विरारला खेळ खलास. पाचपैकी पाच. एखाद्याला पैसे देऊन गेम घेणं पटत नाही, मला माहितीय. पण २९-२९ रुपयांनी महिन्याभरात किती जातात ते एकदा पेटीएमच्या हिस्टरीत बघा.

"लुडो किंग" तुमच्या घरातल्या प्रत्येकाच्या फोनवर आहेच. नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीचा, २०१६ चा. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये माझी आजी, जिने आयुष्यात फोनवर हिरवं आणि लाल सोडून तिसरं बटण दाबलं नव्हतं, ती मला हरवायची. एकच फोन फिरवत चौघांनी, नेटशिवाय खेळता येतो, आणि जुन्या फोनवर धावतो. जाहिराती डोकं खातात. चार स्टार. त्याचे एक-स्टारवाले रिव्ह्यू वाचा, मजा आहे. निम्मे लोक म्हणतात फासे फिक्स आहेत, मला सहा पडतच नाही. अहो, प्रामाणिक फासा दहा वेळा टाकला तरी एकदाही सहा न पडण्याची शक्यता १६ टक्के असते, म्हणजे साधारण सहातल्या एकाला हे होणारच. लाखो लोक खेळतात, तेव्हा रोज हजारोंना होणार, आणि ते सगळे चिडून स्टार द्यायला येणार. मुकाट जिंकलेला कशाला येईल?

"बीजीएमआय" बद्दल बोललो नाही तर तुम्ही मला सोडणार नाही. २ सप्टेंबर २०२० ला पबजी बंद झाला, २ जुलै २०२१ ला हा आला, २८ जुलै २०२२ ला हाही स्टोअरवरून गायब, मे २०२३ मध्ये परत, तोही वेळेची मर्यादा घेऊन, अठराखालच्यांना दिवसाला ३ तास आणि बाकीच्यांना ६. गेम म्हणून उत्तम आहे, मी नाकारत नाही. चांगला फोन, घरचं वायफाय, चार मित्र, तर साडेचार. लोकलमध्ये? शेवटच्या दहांत पोचलो होतो, सफाळे आलं. परत नेट येईपर्यंत मी मेलेलो आणि स्क्वाड शिव्या देत होता. बाबांच्या फोनवर मी टाकायचा प्रयत्नही केला नाही, म्हातारा फोन आहे तो. माझे तीन.

आता जरा नाजूक विषय. "फौजी". पबजी बंद झाल्यावर दोनच दिवसांत अक्षय कुमारने जाहीर केलेला, बंगळूरच्या एनकोर कंपनीचा. निव्वळ महसुलातला २० टक्के वाटा "भारत के वीर" ला देणार असंही जाहीर केलं होतं. २६ जानेवारी २०२१ ला आला. मी सकाळी डाऊनलोड केला आणि उघडायच्या आधीच पाच स्टार दिले. हसू नका, तुमच्यातल्याही बऱ्याच जणांनी दिले असतील. मग उघडला. गलवानची मोहीम, बंदूक नाही, हातघाईची लढाई, शेकोटीपाशी बसलं की जखमा भरतात. चालायचं, चौघांना मारायचं, परत चालायचं. तासाभरात पाहून झाला. पबजीची वाट बघत बसलेल्या पोरांनी दुसऱ्या दिवसापासून एक-एक स्टार मारायला सुरुवात केली आणि काही दिवसांत रेटिंग तीनच्या आसपास आलं. माझ्या मते दोन स्टारचा गेम. पण बघा, माझ्यासारख्यांचे पाच देशासाठी होते, त्यांचे एक पबजीसाठी होते. गेमला कोणी दिलेच नाहीत.

म्हणूनच "राजी" बद्दल मला नीट बोलायचंय. पुण्यात बनलेला गेम, नॉडिंग हेड्स गेम्सचा. २०१७ मध्ये किकस्टार्टरवर पैसे जमवायचा प्रयत्न फसला होता, तरी लोक टिकून राहिले. ऑगस्ट २०२० मध्ये निन्टेन्डो स्विचवर आणि ऑक्टोबरमध्ये पीसीवर आला. त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये सर्वोत्तम पदार्पणाचं नामांकन मिळालं. सर्कशीतली पोर राजी, तिचा धाकटा भाऊ गोलू, त्याला असुर उचलून नेतात, दुर्गेचा त्रिशूळ घेऊन ती मागे निघते. दुर्गा आणि विष्णू वरून बघत बोलत असतात. मधली गोष्ट कळसूत्री सावल्यांच्या खेळासारखी सांगितलीय. पहिल्यांदा त्या वाड्यांच्या भिंतींवरची चित्रं बघताना मी दहा मिनिटं लढाई विसरून नुसता फिरत होतो. आपल्याकडे जे रोज दिसतं ते एखाद्या गेममध्ये एवढं देखणं मी आधी बघितलं नव्हतं.

पण लढाई पुढे-पुढे तीच ती होते. कॅमेरा भलत्या वेळी लांब जातो, उडी चुकते ती तुमच्यामुळे का त्याच्यामुळे ते कळत नाही. आणि पाचेक तासांनी गोष्ट ऐन मोक्याला तोडून टाकलीय. पहिल्या आवृत्तीत सगळे देव इंग्रजीत बोलायचे, हिंदी आवाज २०२२ मध्ये आले. साडेतीन स्टार. एका श्रोत्याने मागे लिहिलं होतं, "आपल्या माणसांचा गेम आहे दादा, पाच द्यायला काय जातं?" पाच दिले असते तर कॅमेऱ्याबद्दल मी काही बोललोच नसतो, आणि कॅमेरा दुरुस्त व्हावा अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आणखी एक सांगतो आणि थांबतो. हा भाग लिहिताना मी माझा जुना गेम, तोच ४.३ वाला, दोन्ही फोनवर टाकला. माझ्या फोनवर दुसऱ्याच दिवशी, तिसरी लेव्हल सलग जिंकल्यावर खिडकी उघडली. "आवडतोय का?" बाबांच्या फोनवर मी बारा दिवस खेळलो. अडकत होता, तरी खेळलो. अजून कोणी काही विचारलेलं नाही.

पुढचा भाग क्रिकेटच्या गेम्सवर. त्यासाठी तुमचे रिव्ह्यू पाठवा, पण स्टारच्या आधी तीन गोष्टी लिहा. फोनचं मॉडेल, रॅम, आणि कुठे बसून खेळता. रोमनमध्ये लिहिलंत तरी चालेल, मी जसंच्या तसं वाचून दाखवीन. आणि सफाळ्याच्या पुढे नाणी गेलेला तो फर्स्ट शिफ्टवाला चुकून हे ऐकत असेल, तर त्याने नक्की लिहावं. २९ रुपये माझ्याकडे आहेत.

मालगाडी आली बघा. चला, भेटू.